रक्तवाहिन्या : रचना, कार्य आणि महाडचा धडा

मानवी शरीरातील रक्तवाहिन्यांचे तीन मुख्य प्रकार आहेत. हृदयाकडून रक्त दूर नेणाऱ्या त्या रोहिण्या, हृदयाकडे परत आणणाऱ्या त्या शिरा आणि या दोहोंना जोडणाऱ्या त्या केशवाहिन्या. रोहिणी व शिरा यांच्या भित्तिकेत तीन थर असतात. आतील थर गुळगुळीत, मधला स्नायू व लवचिक तंतूंचा, तर बाहेरील थर आधार देणाऱ्या ऊतींचा असतो. हृदयाच्या ठोक्याचा दाब सोसावा लागत असल्याने रोहिण्यांचा मधला थर जाड असतो. शिरांच्या भित्तिका पातळ असून हातापायांच्या शिरांतील झडपा रक्त मागे फिरू देत नाहीत. केशवाहिनीची भित्तिका पेशींच्या एकाच थराची असते. तिच्यातूनच प्राणवायू व पोषकद्रव्ये ऊतींना मिळतात आणि टाकाऊ द्रव्ये रक्तात येतात.

रक्तवाहिन्या या निर्जीव नळ्या नव्हेत. सूक्ष्म रोहिण्यांतील स्नायू आकुंचन वा प्रसरण पावून कोणत्या अवयवाला किती रक्त मिळावे, हे ठरवितात. महाड तालुक्यातील हिरकणीवाडी येथून रज्जुमार्गाने रायगडावर जाणाऱ्याच्या पायांना फारसे अधिक रक्त लागत नाही. परंतु चित्त दरवाजाकडून पायऱ्या चढणाऱ्याच्या पायांतील रोहिण्या रुंदावतात आणि आतड्यांकडील आकुंचित होतात.

हे नियंत्रण बिघडल्यास काय होते, हे याच तालुक्यात दिसून आले. कोकणातील लाल विंचवाचे विष मज्जातंतूंना अतिउत्तेजित करते. त्यामुळे ॲड्रेनलिनसारखी द्रव्ये रक्तात उसळतात आणि सूक्ष्म रोहिण्या घट्ट आवळल्या जातात. हातपाय गार पडतात, दरदरून घाम सुटतो, रक्तदाब चढतो. आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलता ढकलता हृदय थकते, रक्त फुप्फुसांकडे तुंबते आणि तेथील केशवाहिन्यांतून द्रव पाझरून रुग्णाचा श्वास कोंडतो. यात लहान मुलांना धोका अधिक असतो.

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाचे रुग्ण दगावत असल्याचे पाहून त्यांनी लक्षणांच्या बारकाईने नोंदी ठेवल्या. आवळलेल्या वाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे रक्तदाबावरील औषध त्यांनी वापरले आणि त्याचे निष्कर्ष १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. गंभीर रुग्णांमधील मृत्यूचे प्रमाण या उपचाराने मोठ्या प्रमाणात घटले. प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिल्यास रुग्ण अधिक लवकर बरा होतो, हे २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील त्यांच्या अभ्यासातून पुढे आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री किताब जाहीर झाला.

प्राझोसिनमुळे रक्तदाब एकाएकी उतरू शकतो. म्हणून ते वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाचे असते. विंचूदंशानंतर घाम, उलट्या वा हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसताच मंत्रतंत्र वा घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.