एका कारकुनाचें चित्रप्रदर्शन

हौसेनें छायाचित्रें काढणारा एखादा गृहस्थ आपलीं वीस-पंचवीस निवडक चित्रें वाचनालयाच्या भिंतीवर टांगतो, इष्टमित्रांस बोलावितो, आणि कोणी एखाद्या चित्रापुढें क्षणभर अधिक रेंगाळलें तर तें डोळ्याच्या कोपऱ्यानें टिपून ठेवितो. ही गोष्ट आतां इतकी अंगवळणी पडली आहे कीं, तिचा कोणी तरी प्रथम आरंभ केला असेल हें आपल्या मनांतहि येत नाहीं. वस्तुतः हा आरंभ तारखेनिशीं सांगतां येतो. ता. २४ जून १८३९ रोजीं पॅरिस शहरीं इपोलीत बायार नांवाच्या एका सरकारी कारकुनानें स्वहस्तें काढलेलीं तीस छायाचित्रें सर्व लोकांस पाहण्यासाठीं मांडलीं. त्यानें हें कां केलें आणि त्यापासून त्याच्या पदरांत काय पडलें, हें पाहण्यासारखें आहे.

त्याच वर्षीं ७ जानेवारीस आरागो या थोर शास्त्रज्ञानें फ्रान्सच्या विज्ञान-अकादमीपुढें दागेरच्या शोधाची वार्ता जाहीर केली होती. सूर्यप्रकाशानें धातूच्या पत्र्यावर चित्र उमटतें एवढें लोकांस कळलें. कृति मात्र गुप्त होती. बायार हा १८०१ सालीं जन्मलेला, अर्थखात्यांत नोकरी करून फावल्या वेळांत प्रयोग करणारा माणूस. त्यानें आपली वाट स्वतंत्रपणें शोधिली व २० मार्चच्या सुमारास त्यास यश आलें. त्याची युक्ति मोठी मौजेची होती. कागदावर सिल्व्हर क्लोराइडचा थर देऊन तो उजेडांत आधींच काळा होऊं द्यावयाचा. मग पोटॅशियम आयोडाइडच्या पाण्यांत भिजवून कॅमेऱ्यांत ठेवावयाचा. जेथें प्रकाश पडे तेथें काळिमा फिका होई, जेथें छाया तेथें तो तसाच राही. म्हणजे काळ्यावर पांढरें लिहिण्याचाच हा प्रकार. पाटी-पेन्सिलीवर अक्षर गिरविलेल्या आमच्या वाचकांस तो समजावून सांगण्याचें कारण नाहीं. असें चित्र एकुलतें एकच असे. त्याची दुसरी प्रत निघत नसे. शिवाय उजेडाचें काम फार सावकाश चाले, म्हणून पुतळे, इमारती असल्या न हलणाऱ्या वस्तूंवरच त्याला भिस्त ठेवावी लागे.

२० मे रोजीं हीं चित्रें घेऊन बायार आरागोकडे गेला. आरागोनें तीं पाहिलीं, आणि इतक्यांत हें जाहीर करूं नये असा सल्ला दिला. या सल्ल्याबद्दल पुढें आरागोस पुष्कळ दोष देण्यांत आला आहे. आमच्या मतें तो कपटी खास नव्हता. परंतु दागेरला सरकारी वेतन मिळवून देण्याची खटपट त्यानें शिरावर घेतली होती, आणि ऐन सुनावणीच्या वेळीं दुसरा हक्कदार दारांत उभा राहावा हें कोणत्याहि वकिलास रुचत नाहीं. बायार बिचारा गप्प राहिला खरा. पण चित्रें पेटींत ठेवून स्वस्थ बसणें त्यास साधलें नाहीं.

संधि चालून आली ती दूरच्या एका अरिष्टामुळें. आरागोच्या त्या घोषणेनंतर चारच दिवसांनीं, ११ जानेवारीस, वेस्ट इंडीजमधील मार्तिनीक या फ्रेंच बेटावर भयंकर भूकंप झाला होता. तेथील आपद्ग्रस्तांच्या साहाय्यार्थ पॅरिसमधील झनर रस्त्यावरच्या लिलावघरांत कलाकृतींचें प्रदर्शन भरलें, त्यांत बायारनें आपलीं तीस चित्रें दिलीं. त्यापूर्वीं, २५ जानेवारीस, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें फॅरडेनें टॅल्बटचीं प्रकाशचित्रें दाखविलीं होतीं हें खरें. परंतु तेथें संस्थेचे सभासद व त्यांचे पाहुणे एवढ्यांचाच प्रवेश. येथें मात्र वाटेनें जाणाऱ्यालाहि दार मोकळें होतें. म्हणून सार्वजनिक प्रदर्शनाचा पहिला मान आम्ही बायारलाच देतों.

आणखी एक गोष्ट इतिहासकार सहसा सांगत नाहींत. दागेरचें चित्र आरशासारख्या चकचकीत पत्र्यावर असे. तें हातांत घेऊन, तिरपें धरून, एकट्यानेंच पाहावें लागे. भिंतीशीं त्याचें फारसें जमत नाहीं. बायारचें चित्र कागदावरचें, मऊ छायेचें, रेखाटनासारखें. तें चौकटींत बसतें आणि शेजारच्या चित्राशीं तुलनेस उभें राहतें. छायाचित्र ही टांगून चारचौघांनीं मिळून पाहण्याची वस्तु आहे, ही कल्पना या कागदांनीं प्रथम रुजविली असें आम्हांस वाटतें.

वर्तमानपत्रांनीं दखल घेतली. पण बायारचें काम त्यानें झालें नाहीं. त्यानें फळ दाखविलें आणि बीं मुठींत ठेविलें. शास्त्राच्या दरबारांत कृति सांगेल त्याचा शोध. १९ ऑगस्टला दागेरची कृति प्रकट झाली. त्याला सालिना ६,००० फ्रँक व त्याचा दिवंगत भागीदार न्येप्स याच्या मुलाला ४,००० फ्रँक असें वेतन ठरलें होतें. बायारच्या हातीं सरकारनें अवघे ६०० फ्रँक ठेविले, तेहि एकदांच. २ नोव्हेंबरला ललितकला-अकादमीनें त्याच्या कागदी चित्रांचा अनुकूल अहवाल दिला. २४ फेब्रुवारी १८४० रोजीं त्यानें विज्ञान-अकादमीस आपली कृति सांगून टाकली, पण तोंवर जग दागेरच्या पत्र्यामागें लागलें होतें.

मग ऑक्टोबर १८४० मध्यें त्यानें जें केलें त्याला तोड नाहीं. उघड्या अंगानें, डोळे मिटून, भिंतीला टेकून बसलेल्या स्वतःचेंच त्यानें छायाचित्र काढलें, आणि पाठीमागें तिऱ्हाइताच्या भाषेंत लिहिलें कीं, हें प्रेत बायारचें. सरकारनें दागेरला भरभरून दिलें व याच्यासाठीं कांहीं करतां येत नाहीं म्हटलें, तेव्हां या अभाग्यानें पाण्यांत उडी घेतली. उन्हानें रापलेले हात व चेहरा चित्रांत काळे आले होते. प्रेत कुजूं लागल्याची ती खूण, अशी पुस्ती जोडण्यासहि तो चुकला नाहीं! रडगाणें गाण्याची ही रीत आम्हांस तरी अर्जविनंत्यांहून अधिक खानदानी वाटते.

बुडालेला बायार त्यानंतर सत्तेचाळीस वर्षें जगला. १८५१ सालीं फ्रान्समधील प्राचीन इमारतींचीं छायाचित्रें घेण्यासाठीं सरकारनें जे पांच जण नेमले त्यांत तो होता. १८५४ सालीं स्थापन झालेल्या फ्रेंच छायाचित्रण-संस्थेचाहि तो एक संस्थापक. १८६३ मध्यें त्यास ‘लेजिआँ द ऑनर’ हा बहुमान मिळाला आणि १८८७ मध्यें तो वारला. त्याच्या चित्रांचा एक जुना संग्रह अमेरिकेंत लॉस एंजलिस येथील गेटी संग्रहालयांत असून, २०२४ सालीं तेथें त्याच्या नांवानें प्रदर्शन भरलें. हीं चित्रें उजेडास इतकीं हळवीं आहेत कीं, तीं क्वचितच बाहेर काढतात.