लागलेली आग, लावलेली आग : कुमाऊंतील १९२१ च्या वणव्यांचा विचार

मराठीत आग ‘लागते’ आणि आग ‘लावली’ही जाते. एकाच धातूची ही दोन रूपे. पहिल्यात कर्ता नाही, दुसऱ्यात कर्ता असल्यावाचून चालत नाही. हिंदीत आणि कुमाऊंनीतही हा भेद असाच आहे. व्याकरणात तो क्षुल्लक वाटतो. परंतु जेथे वणव्यांची कागदोपत्री चौकशी झाली, तेथे या दोन रूपांतील निवडीवर माणसांचे तुरुंगवास अवलंबून राहिले. कुमाऊंच्या डोंगरांत १९२१ च्या उन्हाळ्यात पेटलेल्या वणव्यांचा इतिहास लिहिणाऱ्यांपुढेही मुख्य प्रश्न हाच राहिला आहे. माझ्या मते त्या प्रश्नाची मांडणीच अपुरी आहे, आणि ती तशी का हे पाहण्यासाठी प्रथम तेथील उन्हाळा समजून घेतला पाहिजे.

कुमाऊंत मोसमी पाऊस जूनच्या उत्तरार्धात पोहोचतो. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या विक्षोभांमुळे थोडा पाऊस व उंचावर हिम पडते. ते ज्या वर्षी पडत नाही त्या वर्षी मार्चपासूनच डोंगर वाळू लागतो. सुमारे ९०० ते १८०० मीटर उंचीच्या पट्ट्यात, विशेषतः दक्षिणाभिमुख उतारांवर, चीड वृक्षाचे राज्य आहे. त्याची सुयांसारखी पाने तीन-तीनच्या झुपक्यांत येतात, वीतभर वा त्याहून लांब असतात, आणि नेमकी उन्हाळ्याच्या तोंडाशी गळतात. या गळलेल्या पानांच्या थराला तेथील लोक ‘पिरूळ’ म्हणतात. पिरुळात राळेचा अंश असतो; तो सावकाश कुजतो आणि झटकन पेटतो. त्याच्या थराखाली गवत उगवत नाही आणि त्यावरून गुरांचे व माणसांचे पाय घसरतात. गवतासाठी रान जाळण्याच्या जुन्या रिवाजामागे अडाणीपणा नव्हता, हे येथे नमूद करणे अवश्य आहे.

यात वाऱ्याची भर पडते. दिवस चढला की तापलेल्या उतारावरून हवा वर सरकू लागते, आणि तिसऱ्या प्रहरी हा चढता वारा सर्वांत जोरकस असतो. चढावर ज्वाळा पुढच्या इंधनाकडे झुकतात व ते आधीच सुकवून ठेवतात, म्हणून आग उतारापेक्षा चढाकडे कितीतरी वेगाने धावते. खाली येण्यासाठी तिला वाऱ्याची गरजही लागत नाही. चिडाची पेटलेली फळे गडगडत खाली जातात आणि विझवणाऱ्यांच्या पाठीमागे नवी आग सुरू करतात. रात्री वारा उलटा, दरीकडे वाहतो, हवेत ओलावा वाढतो आणि आग मंदावते. विझवण्याचे काम जे काही साधते ते बहुधा रात्री व पहाटे. (संस्कृतात ‘दव’ शब्दाचे वन आणि वणवा असे दोन अर्थ कोशकार देतात, मराठीत मात्र दव म्हणजे पहाटेचा ओलावा. व्युत्पत्तीने हे दोन शब्द एक मानण्याचा मोह मी टाळतो.)

आता इतिहासाकडे वळू. १८१५ मध्ये गुरख्यांकडून कुमाऊं इंग्रजांच्या ताब्यात आले. १७ ऑक्टोबर १८९३ च्या घोषणेने मोजणी न झालेली सर्व जमीन संरक्षित वन ठरली आणि १९११ ते १९१७ या काळात मोठा प्रदेश राखीव करण्यात आला. चराईवर व पालातोडीवर बंधने आली. रान जाळणे गुन्हा ठरला. चिडाला मात्र नवी किंमत आली होती. त्याच्या खोडाला खाचा पाडून ‘लीसा’ म्हणजे राळ काढण्याचा उद्योग वाढत होता. १८७८ च्या वन कायद्याने वनात हक्क असलेल्या ग्रामस्थांवर आग विझवण्यास मदत करण्याचे बंधनही घातले होते. ज्याला वेठीचा अनुभव आहे त्याला ही आणखी एक वेठ वाटली तर नवल नाही.

१४ जानेवारी १९२१ रोजी उत्तरायणीच्या जत्रेत बागेश्वर येथे बद्रीदत्त पांडे, हरगोविंद पंत, चिरंजीलाल यांच्या नेतृत्वाखाली लोकांनी कुली-बेगार न देण्याची प्रतिज्ञा केली आणि बेगारीच्या वह्या सरयूच्या पात्रात फेकल्या. त्यानंतरच्या उन्हाळ्यात ठिकठिकाणी राखीव वने पेटली, लिशाची झाडे व साठे जळाले. खटले झाले, काहींना शिक्षाही झाल्या. सरकारी दप्तराने निर्णय दिला : आग लावली गेली.

रामचंद्र गुहा यांनी ‘द अनक्वायट वुड्स’ (१९८९) या ग्रंथात हा निर्णय मान्य केला, पण त्याचा अर्थ पालटला. त्यांच्या मते हा अविवेकी विध्वंस नसून निवडक प्रतिकार होता. कारण जळली ती सरकारच्या उत्पन्नाची चिडाची वने, ग्रामस्थांच्या उपयोगाची रुंदपर्णी वने नव्हेत. या ग्रंथाचे ऋण मोठे आहे. तथापि पुराव्याच्या या भागावर भार टाकताना मला संकोच वाटतो. बांजाच्या रानात सावली दाट, जमीन ओलसर आणि पाचोळा लवकर कुजणारा. तेथे आग सहज शिरत नाही. चीड जळला आणि बांज वाचला, एवढी निवड माणसाच्या हेतूवाचून पिरूळही करू शकते. लीसा काढलेल्या झाडांबद्दलही तेच. खाचेतील उघडी राळ जमिनीवरून सरपटणाऱ्या आगीनेही पेट घेते. हेतू नव्हताच असे मी म्हणत नाही. खटल्यांवरून तो काही ठिकाणी निश्चित दिसतो. परंतु केवळ हेतूने डोंगर जळत नाही. ओल्या वर्षी तीच काडी हातभर गवत जाळून विझली असती.

येथे एक तिसरे क्रियापद विचारात घेतले पाहिजे, आणि ते नकारार्थी आहे : आग विझवली नाही. त्या उन्हाळ्यात आग विझवण्यास मदत करण्याचे अनेक ग्रामस्थांनी नाकारले. कोरड्या, वाऱ्याच्या दिवसांत लहान आगीचा वणवा होण्यास अर्धा प्रहर पुरतो, आणि गावकरी धावून येतात की नाही यावर सर्व अवलंबून असते. जानेवारीत ज्यांनी ओझी उचलण्याचे नाकारले, त्यांनी मे महिन्यात आगीकडे पाठ फिरवली. दोहोंत एकच संगती आहे. चीड कोणी पेटवला याच्या शोधात हा नकार दुय्यम ठरला, कारण दप्तराला आरोपी हवा होता आणि न केलेल्या कृतीवर पुरावा उभा करणे कठीण असते.

सरकारच्या नंतरच्या वर्तनावरून मात्र हा नकार त्यास कळला होता असे दिसते. १९२१ मध्येच आयुक्त विंडहॅम यांच्या अध्यक्षतेखाली तक्रार समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींनुसार राखीव वनांचे दोन वर्ग करून व्यापारी मूल्य नसलेली वने बंधनांतून बरीच मोकळी केली गेली, आणि १९३१ च्या नियमांनी वनपंचायती अस्तित्वात आल्या. चिडाच्या वनांत वनाधिकारी स्वतःच थंडीत नियंत्रित जाळ करू लागले, म्हणजे गावकऱ्यांसाठी गुन्हा ठरवलेली रीत खात्याच्या कार्यपद्धतीत परतली.

१९९५ मध्ये, २०१६ मध्ये, आणि पुन्हा २०२४ मध्ये तेथे मोठे वणवे झाले. २०१६ मध्ये वायुदलाची हेलिकॉप्टरे भीमतालच्या सरोवरातून बादल्या भरून पाणी ओतत होती. १३ जून २०२४ रोजी अल्मोड्याजवळच्या बिन्सर अभयारण्यात आग विझवण्यास गेलेल्या वनविभागाच्या पथकातील चार जण जागीच होरपळून मेले. पावसाळा सुरू होण्यास तेव्हा थोडेच दिवस उरले होते. वर्तमानपत्रांत त्यानंतरही चर्चा चालली ती आग कोणी लावली याचीच.