परकायाप्रवेश

आद्य शंकराचार्यांची एक कथा सांगतात. अमरू नावाचा राजा वारला आणि आचार्यांनी आपला देह गुहेत ठेवून राजाच्या देहात प्रवेश केला. गुहेवर शिष्यांचा पहारा बसवायला मात्र ते विसरले नाहीत. बँकेतल्या माणसाला कथेतला हा पहाराच जास्त पटतो.

हीच सिद्धी इंजिनिअर मंडळींनी पुढे मिळवली आणि तिला ‘रिमोट डेस्कटॉप’ असे रूक्ष नाव दिले. बसायचे इथे, कारभार तिथल्या कॉम्प्युटरवर! पहिला गाजलेला प्रयोग ९ डिसेंबर १९६८ चा. डग्लस एंगेलबार्ट सॅन फ्रान्सिस्कोच्या सभागृहात, त्यांचा सहकारी आणि कॉम्प्युटर सुमारे ५० किलोमीटरवर मेन्लो पार्कला, आणि दोघे एकाच मजकुरावर एकाच वेळी काम करताहेत. माउसचे जाहीर बारसेही त्याच दिवशी झाले. दोन माणसे एका कागदावर वाकतात आणि भांडत नाहीत, हा चमत्कार आमच्या ऑफिसात अजून व्हायचा आहे.

१९८४ साली एमआयटीत ‘एक्स विंडो’ जन्मली आणि नात्यांचा घोटाळा झाला. आमचा हिशेब सरळ : काउंटरच्या आत बसतो तो सर्व्हर, बाहेर टोकन घेऊन उभा तो क्लायंट. इथे उलटेच! आपल्या टेबलावरचा पडदा सांभाळणारा तो सर्व्हर, आणि दूरच्या अगडबंब कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम हा क्लायंट. का, तर चित्र काढायला जागा तो मागतो. मागतो तो क्लायंट, देतो तो सर्व्हर. थोरामोठ्यांना रांगेत उभा करणारा हा नियम मला तरी आवडला.

पुढचा अध्याय केंब्रिजचा, आणि सुरुवात कॉफीपासून. १९९१ साली तिथल्या कॉम्प्युटर लॅबोरेटरीत जिने चढून जावे तर किटली रिकामी, असे वरचेवर होई. म्हणून किटलीसमोर कॅमेरा लावला. पॉल जार्डेत्स्की यांनी सर्व्हर लिहिला, क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर यांनी क्लायंट. ज्याने जागेवरून किटली दाखवली, तोच पुढे जागेवरून अख्खा कॉम्प्युटर दाखवणाऱ्यांत सामील झाला : केंब्रिजच्याच ऑलिव्हेट्टी-ओरॅकल प्रयोगशाळेतून १९९८ साली ‘व्हीएनसी’ फुकट वाटायला निघाले.

मांडणी सोपी. ज्याचा पडदा दाखवायचा त्या मशीनवर सर्व्हर बसवून पासवर्ड ठरवायचा. बघणाऱ्याने आपल्याकडे व्ह्यूअर, म्हणजे क्लायंट, उघडून पत्ता टाकायचा. ५९०० नंबरच्या पोर्टावर कडी वाजते, पासवर्ड जुळला की दार उघडते. मग सर्व्हर दर वेळी सगळा पडदा पाठवत नाही. बदलले तेवढेच चौकोन पाठवतो. पासबुकात नाही का, मागच्या खेपेनंतरच्याच नोंदी छापतात, तसे.

त्याच १९९८ साली विंडोज एनटीच्या टर्मिनल सर्व्हरमधून आणि २००१ साली विंडोज एक्सपीतून ही सोय टेबलाटेबलावर गेली, मग मोबाइलवर आली, आणि तिथे तिला वाईट संगत लागली. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेला अशा एका अ‍ॅपबद्दल बँकांना सावध करावे लागले. भामटा गोड बोलून अ‍ॅप घ्यायला लावतो, नऊ आकडी कोड विचारतो, परवानगी मागतो, आणि आपला फोन त्याचा होतो.

अशी माणसे काउंटरवर येतात. परवा आलेले पेन्शनर काका म्हणाले, “अहो, मी पिन कुण्णाला सांगितला नाही. ओटीपीसुद्धा नाही. फक्त ते नऊ आकडे सांगितले आणि ‘अलाव’ दाबलं.” आता काकांना काय सांगणार? ज्याला तुमचा पडदाच दिसतोय, त्याला ओटीपी सांगायची गरजच काय! मी त्यांना बसवले, पाणी दिले, खाते गोठवले आणि १९३० हा नंबर लावून दिला.

आचार्यांचे एक बरे होते. ते शिरले तेव्हा राजा आधीच गेलेला होता. परवानगी कोणाची मागायची हा प्रश्नच नव्हता. इथे यजमान जिवंत असतो. तो आरामखुर्चीत चहा पीत असतो आणि ‘अलाव’ स्वतःच्या बोटाने दाबतो. शेजारी ‘नको’चेही बटण असते हो, तेवढ्याच आकाराचे. पण आपल्याकडे दारात आलेल्याला ‘नको’ म्हणायचे म्हणजे जरा अवघडच.