चीज, उंदीर आणि सुका बोंबील

जेवायचं राहिलं असेल तर आधी जेवून घ्या. आजचा विषय खाण्याचाच आहे, पण मधेमधे काही पदार्थ असे येणार आहेत की नंतर घास घशाखाली उतरेल याची हमी मी देत नाही.

सुरुवात एका शब्दापासून करू. चीज. पिझ्झ्यावरचं चीज आपल्याकडे येण्याच्या कितीतरी आधीपासून हा शब्द मराठीत आहे. फारसीत चीज म्हणजे वस्तू. गवई चीज गातो, आणि मुलगा परीक्षेत पास झाला की आईबापांच्या कष्टाचं चीज होतं. गंमत पुढेच आहे. यूल आणि बर्नेल या दोघांचा 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश १८८६ साली छापला गेला. त्यात 'चीज' ही नोंद आहे, आणि ती खायच्या चीजची नाही! अस्सल, एक नंबर गोष्टीला इंग्रज लोक बोलताना 'द चीज' म्हणायचे, ते आपल्या 'चीज'वरून आलं असावं, असं हा कोश सांगतो. म्हणजे शब्द आपण त्यांना दिला आणि पदार्थ त्यांनी आपल्याला दिला. व्यवहार बरा झाला.

आता हा अँग्लो-इंडियन शब्द निघालाच आहे, तर मी जिथून बोलतोय त्या व्हाइटफील्डबद्दल थोडं सांगतो. आज व्हाइटफील्ड म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर टेक पार्क, ट्रॅफिक आणि पंचवीस मजली टॉवर येतात. पण हे गाव वसलं शेतीसाठी. १८८२ साली म्हैसूरचे महाराज दहावे चामराज वाडियार यांनी इथली सुमारे ३,९०० एकर जमीन युरेशियन आणि अँग्लो-इंडियन लोकांच्या संघटनेला दिली. संघटनेचा पुढारी होता डी. एस. व्हाइट, त्याच्या नावावरून व्हाइटफील्ड. रेल्वे आणि तारखात्यातल्या नोकऱ्यांवर अवलंबून असलेल्या आपल्या समाजानं स्वतःच्या जमिनीवर उभं राहावं, ही त्याची कल्पना. मधे गोल मोकळी जागा आणि भोवती घरं, अशी गावाची आखणी झाली. 'इनर सर्कल' आणि 'आउटर सर्कल' ही नावं आजही रिक्षावाले वापरतात.

ही माणसं जेवत काय होती? त्यांच्या घरात 'पेपर वॉटर' व्हायचं. नाव साहेबी, पण पदार्थ म्हणजे आपल्या शेजारणीचं रस्सम. तमिळमध्ये मिळगु म्हणजे मिरी आणि तण्णीर म्हणजे पाणी. त्यावरून साहेबांचं 'मुलिगटॉनी' सूप झालं. रविवारी नारळाच्या दुधातला पिवळा भात आणि खिम्याच्या गोळ्यांची आमटी, तिला ते म्हणायचे 'बॉल करी'. नाताळात कुलकुलं. इंग्रजाला हे जेवण फार मसालेदार आणि गावकऱ्याला फार साहेबी! दोन्ही बाजूंनी 'हे काय विचित्र खातात' असंच ऐकून घ्यायचं. हे वाक्य जरा लक्षात ठेवा, आपल्याला त्याच्याकडे परत यायचंय.

बरं, साहेब आले, त्यांचं चर्च आलं, क्लब आला, केक आला. मग चीज का रुजलं नाही? टिनच्या डब्यातून यायचं, पण घराघरात होऊ लागलं नाही. याला एक साधं कारण आहे, ते म्हणजे हवा. चीज मुरायला महिनोन्‌महिने थंडावा लागतो, युरोपात त्यासाठी गुहा आणि तळघरं आहेत. आपल्याकडे मे महिन्यात चीज मुरवायला ठेवलं तर ते मुरत नाही, सरळ दगा देतं. आपल्या लोकांनी दूध टिकवायचा दुसरा मार्ग काढला. दही लावा, घुसळा, लोणी काढा, कढवा. तूप! पाण्याचा अंश गेला की ते उन्हाळ्यातही महिनोन्‌महिने राहतं. तेव्हा तूप आणि चीज ही मला भावंडंच वाटतात. एक उष्ण देशात वाढलं, एक थंड. आणि जिथे आपल्याकडेही गारवा आहे तिथे पाहा, जम्मूकडे कलारी आहे, सिक्कीममध्ये दगडासारखी टणक छुर्पी आहे. एक तुकडा गालात धरला की तासभर बोलायला नको. घरातल्या काही मंडळींसाठी मागवायला हरकत नाही.

दुसरं कारण सांगितलं जातं ते मनाचं. दूध नासलं की आजही आपल्या चेहऱ्यावर आठी येते. खाद्यइतिहासाचे मोठे अभ्यासक के. टी. अचया यांनी मांडलंय की प्राचीन भारतात दूध मुद्दाम नासवण्याला विरोध होता, आणि बंगालमध्ये छेना आला तो पोर्तुगीजांच्या सहवासातून. हुगळीकाठच्या बँडेल या पोर्तुगीज वसाहतीचं नाव असलेलं खारट, धुरावलेलं बँडेल चीज कोलकात्यात आजही मिळतं.

पण मंडळी, इथे आपल्या भागाची साक्ष काढायला हवी. चावुंडरायानं सुमारे १०२५ साली कन्नडमध्ये 'लोकोपकार' नावाचा ग्रंथ लिहिला. त्यात झाडांची मुळं-पानं वापरून दूध गोठवायच्या आणि त्याची मिठाई करायच्या कृती आहेत. पोर्तुगीज यायच्या पावणेपाचशे वर्षं आधी! आणि योगायोग असा, की खुद्द पोर्तुगालमध्येही काही नामांकित चीजं काटेरी झाडाच्या फुलांनी दूध गोठवूनच करतात.

त्यानंतर शंभरेक वर्षांनी आला 'मानसोल्लास'. लेखक म्हणजे साक्षात राजा, कल्याणीचा चालुक्य तिसरा सोमेश्वर. साल ११२९ च्या सुमाराचं. कल्याणी म्हणजे बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण, उमरग्याहून हाकेच्या अंतरावर. याच ग्रंथात मराठी गीताच्या ओळी सापडतात म्हणून मराठीचे अभ्यासकही त्याला मानतात. यात दूध आंबट घालून फाडायचं, फडक्यात गाळायचं, पीठ मिसळून तळायचं आणि पाकात सोडायचं, असा पदार्थ आहे. गुलाबजामचा पणजोबाच म्हणा! इडलीचे पूर्वज आहेत, वडे आहेत, आपण मनात खातो ते मांडेही आहेत.

आणि उंदीर आहेत.

हो, बरोबर ऐकलंत. शेतातले आणि नदीकाठचे काळे, धष्टपुष्ट उंदीर, त्यांना 'मैग' म्हणायचे. ते गरम तेलात घालून केस कसे काढायचे, साफ कसे करायचे, निखाऱ्यावर कसे भाजायचे, हे सगळं राजानं संस्कृत श्लोकांत व्यवस्थित लिहून ठेवलंय. दुष्काळातलं खाणं म्हणून नव्हे, राजाच्या उपभोगांपैकी एक म्हणून! शिवाय पटतं ते. धान्य खाऊन माजलेला शेतातला उंदीर म्हणजे राजाच्या दृष्टीनं छोटीशी शिकारच.

आता मला सांगा, विचित्र अन्न म्हणजे नेमकं काय? इटलीतल्या सार्डिनिया बेटावर 'कासू मार्झू' नावाचं चीज असतं, त्यात जिवंत अळ्या वळवळतात आणि तशाच खातात. त्याच्या विक्रीवर तिथे बंदी आहे, तरी शौकिनांचं प्रेम काही आटलेलं नाही. ओडिशातल्या मयूरभंजच्या लाल मुंग्यांच्या चटणीला जानेवारी २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. बस्तरमध्ये तिलाच चापडा म्हणतात. आणि हसताय काय? नुकत्याच व्यायलेल्या गाईचं पहिलं दूध, जे वासरासाठी असतं, ते उकडून, साखर-वेलदोडा घालून आपण वड्या पाडतो आणि 'वा, काय खरवस झालाय' म्हणतो. परक्या माणसाला हे समजावून सांगून बघा एकदा!

वासाचंही तसंच. लिम्बर्गर नावाचं चीज आहे, त्याला मोज्यांचा वास येतो अशी चेष्टा करतात. ही नुसती चेष्टा नाही हं. त्या चीजवर वाढणारे जिवाणू आणि माणसाच्या पायांवर वाढणारे जिवाणू जवळचे नातेवाईक आहेत. या वासाला इथल्या मॉलमध्ये काचेची पेटी मिळते, वर दिवा मिळतो आणि शंभर ग्रॅमला काही शे रुपये मिळतात. आणि त्याच मॉलसमोरच्या टॉवरमध्ये एखाद्या मालवणी बाईनं सुका बोंबील भाजला, की दहा मिनिटांत सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज येतो: 'कृपया खिडक्या बंद ठेवाव्यात.' दोन्हीही वासच. एकाला आपण 'ॲक्वायर्ड टेस्ट' म्हणतो आणि दुसऱ्याबद्दल तक्रार करतो.

हसण्यावारी नेऊ, पण यामागे एक गंभीर गोष्ट आहे. सोमेश्वर राजाचे उंदीर नऊशे वर्षं टिकले, कारण राजाला लिहिता येत होतं. त्याच बसवकल्याणच्या शेजारी, मराठवाड्यात, गावकुसाबाहेरच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या जे शिजवलं ते कुणी लिहिलं? मराठीत पाककृतींची पुस्तकं ढिगानं आहेत, पण दलितांच्या घरचं जेवण पुस्तकात यायला २०१५ साल उजाडलं. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहिलं. नावातच सगळं आलं. आपण जेवताना अन्नाला पूर्णब्रह्म म्हणतो, पण त्या ब्रह्मात कितीजणांचं ताट धरलेलंच नव्हतं! त्यांच्या पुस्तकात रक्ती आहे, चान्या आहेत. चान्या म्हणजे मांसाच्या पट्ट्या कापून उन्हात वाळवलेल्या. फ्रिज नाही, रोज मांस मिळत नाही, मग मिळेल तेव्हा टिकवायचं. युक्ती तीच, जी चीजवाल्याची आणि तूपवाल्याची. इटलीत वाळवलेल्या मांसाच्या पातळ चकत्या पांढऱ्या प्लेटमध्ये येतात तेव्हा आपण फोटो काढतो. चान्यांचं मात्र नावही घ्यायची चोरी होती.

यात उगाच गोडवा भरायला नको. पुष्कळदा हे अन्न निवडलेलं नव्हतं, लादलेलं होतं. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा असं सांगितलं ते माणसाच्या मानासाठी. त्या अन्नाची आठवण लिहून ठेवणं आणि त्यामागची लाचारी नाकारणं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. पदार्थ विचित्र नसतो, मंडळी. कोण खातंय, त्याच्यापाशी लेखणी आहे का आणि पैसा आहे का, यावर तो 'शाही', 'गोर्मे' किंवा 'घाण' ठरतो.

जाता जाता पुन्हा चीजकडे येऊ, कारण इथे चांगली बातमी आहे. म्हशीच्या दुधाची पावडर होऊच शकत नाही, असं परदेशी जाणकार छातीठोकपणे सांगायचे. आणंदमध्ये कुरियन यांचे सहकारी एच. एम. दलाया यांनी ती करून दाखवली, आणि १९५५ मध्ये तिचा कारखाना उभा राहिला. पुढे त्याच आणंदमधून म्हशीच्या दुधाचं चीजही निघालं. तुमच्या सँडविचमधली ती चौकोनी चकती हिणवू नका, तिच्यामागे मोठा हट्ट आहे. आमच्या बेंगळुरूत व्हालोम्ब्रोसा पंथाचे बेनेडिक्टिन साधू मोझ्झरेला आणि बुर्राटा करतात. तो पंथ अकराव्या शतकात फ्लॉरेन्सजवळ सुरू झाला, म्हणजे आपल्या 'लोकोपकार'च्याच वयाचा! आणि अस्सल मोझ्झरेला इटलीतही म्हशीच्या दुधाचं. ती म्हैस मूळची आपल्याच उपखंडातली. लेक सासरी गेली आणि मोझ्झरेला होऊन माहेरी आली, असं समजा.

मुंबईच्या 'एलेफ्थेरिया'नं तर कमालच केली. नॉर्वेत चीज केल्यावर उरलेलं पाणी, म्हणजे निवळ, तासन्‌तास आटवून तपकिरी, गोडसर 'ब्रूनोस्त' करतात. तो पदार्थ मुंबईत करून २०२१ च्या जागतिक चीज स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळवलं. ज्यांना कढईत खवा आटवायचा अनुभव आहे, त्यांच्या हाताला हे जमणारच की!

तर आजचा गृहपाठ सोपा आहे. तुमच्या घरात एखादा पदार्थ असेल, जो पाहुण्यांसमोर काढत नाहीत. मुलं डब्यात न्यायला लाजतात, ज्याच्या वासानं खिडक्या बंद होतात. सुकटीची चटणी असेल, वजडी असेल, चिवळीची नाहीतर घोळीची गरगट भाजी असेल. तो करणारी आजी, मावशी, काका अजून आहेत तोवर कृती विचारून घ्या आणि लिहून ठेवा. 'अंदाजानं घाल गं' असं म्हणतील, तर तो अंदाजही चमच्यानं मोजून घ्या. व्हाइटफील्डचे जुने बंगले एकेक करून पडताहेत, आणि त्यांच्याबरोबर तिथल्या स्वयंपाकघरातल्या वह्याही जाताहेत. राजाचे उंदीर लिहिले गेले म्हणून आज आपल्याला ठाऊक आहेत. तुमच्या आजीचा बोंबील काय त्याहून कमी मोलाचा आहे?

लिहिलंत, की समजा तिच्या कष्टाचं चीज झालं. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत पोटभर जेवा, आणि शेजारच्या घरातून वास आला तर मेसेज टाकण्याआधी दार वाजवून विचारा, 'काय केलंय हो आज?' बहुतेक वेळा वाटी भरून येते. नमस्कार!