सीमेपलीकडचा प्रचार आणि मराठवाड्यातील असंतोष

१/ परकीय अपप्रचार एखाद्या देशाचे राजकारण कितपत फिरवू शकतो? या प्रश्नाची एक जुनी कसोटी हिंगोली परिसरात सापडते. १९४८ साली हिंगोली हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातील परभणी जिल्ह्याचा तालुका होता. पैनगंगा ओलांडली की भारतीय संघराज्याचा मुलूख लागे.

२/ प्रजेतील असंतोष बाहेरच्यांनी पेरला आहे, ही निजाम सरकारची जुनी भूमिका. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर रीतसर स्थापनेपूर्वीच बंदी आली. संस्थानाबाहेरील वृत्तपत्रांवरही बंदी घातली जाई.

३/ हा ‘बाहेरचा हात’ निव्वळ कल्पित नव्हता. बाहेरची वृत्तपत्रे निजामावर टीका करीत. पैनगंगेपलीकडे, उमरखेडसारख्या ठिकाणी, मुक्तिलढ्याची सीमा शिबिरे होती.

४/ तथापि साहाय्य आणि कारण या दोन भिन्न गोष्टी आहेत. सभेस पूर्वपरवानगी सक्तीची करणारी ‘गश्ती क्र. ५३’, बहुसंख्य प्रजेची मातृभाषा नसलेल्या उर्दूतून चालणारा कारभार, लेव्हीचे धान्य आणि पुढे रझाकारांचे अत्याचार, यांची वार्ता प्रजेला बाहेरून कळावी लागत नव्हती. १९३८ मधील ‘वंदे मातरम्’ चळवळही गीतावरील बंदीतून पेटली, परक्या प्रचारातून नव्हे.

५/ आता उलट बाजू पाहू. निजाम सरकारच्या हाती हैदराबाद व औरंगाबाद येथील नभोवाणी केंद्रे होती. कासीम रझवी विजयाच्या गर्जना करीत होते. २१ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबादने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रारही नेली. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली.

६/ एवढ्या प्रचाराने असंतुष्ट प्रजा निष्ठावंत झाली नाही. मात्र हैदराबाद अजिंक्य आहे, हा भ्रम समर्थकांत पोसला गेला. त्याची किंमत गर्जना करणाऱ्यांपेक्षा सामान्य मुसलमानांनी अधिक मोजली. पोलीस कारवाईच्या काळातील व नंतरच्या हिंसाचारात २७ ते ४० हजार लोक मारले गेले, असा सुंदरलाल समितीचा अंदाज होता.

७/ म्हणून अपप्रचाराची शक्ती मोजताना आवाज किती मोठा होता, एवढेच पाहून भागत नाही. ऐकणाऱ्याच्या मनात आधीपासून कोणते दुःख, भय वा द्वेष होता, हेही पाहावे लागते. ठिणगी बाहेरून येऊ शकते; सरपण बहुधा घरचेच असते. प्रत्येक असंतोषाला ‘परकीय हात’ म्हणणारी सत्ता ते सरपण पाहण्याचेच नाकारते.