धक्क्यावरची मैत्री

मागच्या भागाखाली बऱ्याच जणांनी विचारलं होतं, "कर्नलसाहेब, जमिनीवरच्या लढाया पुष्कळ झाल्या, आता समुद्रावर कधी येणार?" आज येऊ या. पण आज लढाई नाही. एका शर्यतीची गोष्ट आहे, आणि त्यातही मला जास्त रस आहे तो शर्यत सुरू होण्याआधीच्या दिवसांत.

1968 साली लंडनच्या 'संडे टाइम्स'ने एक स्पर्धा जाहीर केली. एकट्याने, कुठेही न थांबता, कुणाची मदत न घेता शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करायची. 1 जून ते 31 ऑक्टोबर या काळात कधीही निघा. आधी पोचेल त्याला सोन्याचा गोल, सर्वांत कमी दिवसांत येईल त्याला पाच हजार पौंड. नऊ जण निघाले. त्यातले दोघे आपल्याच पेशातले, ब्रिटिश पॅराशूट रेजिमेंटचे कॅप्टन रिजवे आणि सार्जंट ब्लाइथ. ब्लाइथला शिडं नीट चढवता येत नव्हती, निघायच्या दिवशी मित्रांनी चढवून दिली. धाडस म्हणा, माझा शब्द वेगळा आहे.

तयारी म्हणजे काय ते मी सिकंदराबादला हुसेनसागरात शिकलो, तेही बुडून. तरुण कॅप्टन होतो, आंतर-युनिट शर्यत होती. नौकेच्या तळाचं बूच लावायला विसरलो. दहा मिनिटांत पोटऱ्यांपर्यंत पाणी! मला ओढून किनाऱ्याला आणलं ते प्रतिस्पर्धी युनिटच्या एका मेजरसाहेबांनी, स्वतःची शर्यत सोडून. वर आपल्या पेटीतलं जास्तीचं बूच काढून दिलं आणि म्हणाले, "आता दुसऱ्या फेरीत हरव मला." तेव्हापासून कुणाच्याही मोहिमेची कथा वाचताना मी आधी सामानाची यादी शोधतो.

त्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या प्लिमथ बंदरात चौघे तयारी करत होते. बर्नार मॉयतेसिए आणि लोइक फुजरों हे फ्रेंच. बिल किंग दुसऱ्या महायुद्धातले पाणबुडीचे कमांडर. चौथे नौदलातले नायजेल टेटली. त्यांची तीन कण्यांची 'व्हिक्ट्रेस' नौका हेच त्यांचं राहतं घर होतं. चौघे एकमेकांचे प्रतिस्पर्धी, पण नौकांवर येणंजाणं होतं, हिमनगांच्या, वाऱ्याच्या, दोरखंडांच्या गप्पा होत्या. पुढे समुद्रात एकटा असताना मॉयतेसिए आपल्या पुस्तकात पुन्हा पुन्हा विचार करतो, आता बिल कुठे असेल, नायजेल कुठे असेल?

मॉयतेसिएची तयारी म्हणजे सामान उतरवणं. 39 फुटी पोलादी 'जोशुआ', डोलकाठ्या तारायंत्राच्या खांबांच्या. त्याने इंजिनसुद्धा काढून टाकलं. वृत्तपत्राने देऊ केलेलं रेडिओयंत्र नाकारलं. चिठ्ठी डबीत घालून गलोलीने येणाऱ्याजाणाऱ्या जहाजावर मारायची, हा त्याचा संपर्क.

आणि नंतर जिंकली ती नौका आपल्या मुंबईत बांधलेली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन व्यापारी जहाजावरचा अधिकारी. त्याची 32 फुटी 'सुहेली' मुंबईच्या सुतारांनी सागवानात घडवली, वाकसाने तासून, दोरीच्या गिरमिटाने भोकं पाडून. आराखडा जुना, चाल संथ. शर्यतीत थोड्याच दिवसांत तळाच्या सांध्यातून पाणी आत येऊ लागलं. हा माणूस अटलांटिकमध्ये बुडी मारून सांधा बुजवत होता, मधेच शार्क आला तर वर येऊन त्याला गोळी घातली आणि पुन्हा पाण्यात. 22 एप्रिल 1969 ला, 312 दिवसांनी, तो फालमथला परतला.

या सगळ्यांपासून दूर, टेनमथला, डोनाल्ड क्राउहर्स्ट अर्धवट नौका घेऊन घाई करत होता. मुदतीच्या शेवटच्या दिवशी निघाला. पाणी उपसायच्या पंपाची नळी आणि बरेच सुटे भाग किनाऱ्यावरच राहिले. मग अटलांटिकमध्येच घुटमळत तो रेडिओवरून खोटी प्रगती कळवू लागला. ती ऐकून, केप हॉर्न ओलांडून आलेल्या टेटलींनी खिळखिळी 'व्हिक्ट्रेस' आणखी ताणली. 21 मे 1969 ला अझोर्सजवळ ती बुडाली. टेटली वाचले. क्राउहर्स्टची नौका 10 जुलैला रिकामी सापडली.

अनेकांना क्राउहर्स्टची दया येते. मलाही येते, पण आधी टेटलींची येते. प्लिमथच्या धक्क्यावर तो पाचवा असता, तर त्या अनुभवी माणसांपैकी कुणीतरी त्याला "या अवस्थेत निघू नकोस" म्हणालं असतं, असं मला वाटतं. इतिहासात असल्या 'तर'ला किंमत नसते, हे मान्य.

मॉयतेसिए तर जिंकण्याच्या बेतात असताना शर्यत सोडून ताहितीला गेला. केपटाउनजवळ गलोलीने तसा निरोप मारला! एकटाच शर्यत पूर्ण करणारा म्हणून दोन्ही बक्षिसं नॉक्स-जॉन्स्टनला मिळाली. पाच हजार पौंड त्याने क्राउहर्स्टच्या बायकोमुलांना दिले.

पुढे 2006 मध्ये त्याच नॉक्स-जॉन्स्टनच्या हाताखाली नौकेची तयारी शिकायला आपला एक मराठी नौदल अधिकारी गेला, दिलीप दोंदे. परत येऊन त्यांनी गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत 'म्हादेई' बांधून घेतली आणि 2010 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. त्याच्या दोन तपं आधी आमच्या इंजिनियर कोअरच्या अधिकाऱ्यांनी 'तृष्णा' नावाची जुनी नौका जगभर फिरवून आणली होती. ती पुढच्या भागात सांगतो. बूच लावून या.