रेल्वेतून फिरलेलं व्हिडिओ प्रदर्शन: 'स्टेशन टू स्टेशन' हा प्रयोग नेमका काय होता?

सप्टेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत एक रेल्वेगाडी न्यूयॉर्कहून निघाली आणि सुमारे तीन आठवड्यांनी सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या ओकलंडला पोहोचली. अंतर साधारण ४ हजार मैल, म्हणजे जवळपास ६,४०० किलोमीटर. गाडीत नेहमीचे प्रवासी नव्हते. होते ते चित्रकार, व्हिडिओ कलाकार, गायक आणि वादक. वाटेत १० ठिकाणी गाडी थांबली आणि थांब्यांवर एकेका रात्रीचे कार्यक्रम झाले. या प्रयोगाचं नाव होतं 'स्टेशन टू स्टेशन'.

कल्पना कोणाची?

डग एटकिन या कॅलिफोर्नियाच्या कलाकाराची. १९९९ मध्ये त्याला व्हेनिस बिएनालेमध्ये आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. २००७ मध्ये त्याने न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या बाहेरच्या भिंतींवर 'स्लीपवॉकर्स' हे काम दाखवलं. ते बघायला संग्रहालयात जायची गरज नव्हती, रस्त्यावरून जाणाऱ्यालाही ते दिसत होतं. २०१२ मध्ये त्याने वॉशिंग्टनच्या हर्शहॉर्न संग्रहालयाची गोल इमारत सगळ्या बाजूंनी पडदा म्हणून वापरली. त्यानंतरची पायरी म्हणजे पडदाच गावोगावी नेणं.

हा सिनेमाच नाही का?

पूर्णपणे नाही. सिनेमात बहुतेक वेळा गोष्ट असते, सुरुवात आणि शेवट असतो. व्हिडिओ आर्टमध्ये चित्र कुठे दिसतंय, हाही कलाकृतीचा भाग असतो. महाराष्ट्रात जत्रेत येणाऱ्या तंबूतल्या टुरिंग टॉकीज आठवा. पडदा गावात यायचा, पण त्यावर दिसणारी गोष्ट बहुधा दुसरीकडची असायची. इथे दावा उलटा होता: ती जागाच कलेचा विषय.

थांब्यांवर काय झालं?

गाडीच्या बाहेरून एलईडी दिवे बसवलेले होते. त्यामुळे धावती गाडी लांबूनही एखाद्या प्रकाशशिल्पासारखी दिसायची. थांब्यांवर छोट्या व्हिडिओ फिल्म्स, गाणी आणि कलाकारांनी सजवलेले गोल तंबू असायचे. बेक, पॅटी स्मिथ, कॅट पॉवर यांच्यासारखे गायक वेगवेगळ्या टप्प्यांवर सहभागी झाले.

थांब्यांमध्ये शिकागो, लॉस एंजेलिससारखी मोठी शहरं होती, तशीच विन्स्लो आणि बार्स्टोसारखी वाळवंटी गावंही होती. ही दोन्ही गावं रेल्वेमुळे वाढली. पुढे 'रूट ६६' या प्रसिद्ध रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या तिथे थांबू लागल्या. नंतर मोठे महामार्ग आले आणि ती वर्दळ आटली. विन्स्लोची ओळख तर आज एका गाण्याला चिकटलेली आहे. ईगल्स या बँडच्या १९७२ च्या 'टेक इट ईझी'मध्ये गावाचं नाव येतं. त्यावरून तिथे १९९९ मध्ये एक छोटं उद्यान उभं राहिलं आणि पर्यटक फोटो काढायला येऊ लागले.

मग प्रश्न कुठे आहे?

प्रश्न इथेच आहे. एका रात्रीसाठी आलेली गाडी त्या गावाबद्दल किती सांगू शकते? कलाकारांपैकी बरेच जण बाहेरचे होते आणि मुख्य प्रायोजक लिवाइस ही जीन्स बनवणारी कंपनी होती. अशा वेळी गाव हा विषय राहतो की नुसतं बॅकग्राउंड होतं? दुसरी बाजूही खरी आहे. ज्या गावांच्या वाट्याला असं काही सहसा येत नाही, तिथे ही गाडी थांबली.

दुसरा मार्ग आहे का?

आहे, आणि त्याचं एक उत्तम उदाहरण मुंबईतलं आहे. 'कॅम्प' या मुंबईच्या स्टुडिओने २०१३ मध्ये 'फ्रॉम गल्फ टू गल्फ टू गल्फ' ही ८३ मिनिटांची फिल्म केली. कच्छच्या आखातातून आखाती देश आणि सोमालियापर्यंत माल नेणाऱ्या लाकडी जहाजांवरच्या खलाशांचं आयुष्य त्यात आहे. त्यातली बरीच दृश्यं खलाशांनी स्वतःच्या मोबाइलवर टिपलेली आहेत आणि त्यांना जोडलेली गाणीही त्यांच्याच आवडीची आहेत. समुद्रावरचं आयुष्य कसं दिसतं, हे इथे तिथे राहणारा माणूस ठरवतो.

गाडी गेल्यावर काय उरलं?

एटकिनने या प्रवासातून ६२ भागांची फिल्म बनवली. प्रत्येक भाग एक मिनिटाचा. २०१५ मध्ये ती प्रदर्शित झाली. म्हणजे प्रवासाची नोंद राहिली, पण ती एटकिनच्या नजरेतून.

आता आपल्याकडेही किल्ले आणि सरकारी इमारतींवर प्रोजेक्शनचे शो होतात, त्यांचे रील्स व्हायरल होतात. पुढच्या वेळी असा शो बघाल तेव्हा तीन गोष्टी तपासा. त्यातली चित्रं कोणी टिपली? कोणती दाखवायची हे कोणी ठरवलं? आणि दिवे बंद झाल्यावर त्या गावाकडे काय राहिलं? शो त्या जागेबद्दल होता की नुसता त्या जागेवर झाला, हे या उत्तरांवरून कळेल.